खालची खोली नदीची

२ मार्च

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण ते वाचून तू म्हणाली असतीस, आली मोठी तीर्थरूपवाली. म्हणून नुसतंच ताई.

फोन करत नाही, कारण फोनवर तू गप्प बसतेस. भाऊ फोन तुझ्या कानाला लावतो, मी बोलत सुटते आणि शेवटी भाऊच म्हणतो, "ऐकलं हं तिनं." बसडेपोत माझी सगळी नोकरी माईकपुढे गेली, समोरून उत्तर न येता बोलायची मला सवय आहे. पण तिथं निदान माझं ऐकून माणसं धावत तरी सुटायची.

कबूल आहे, मी चुकले. घर बघायला आपण दोघी आलो होतो, तू मालकीणबाईंना तोंडावर विचारलंस, "घर इतकं स्वस्त का?" आणि मी परक्या माणसांसमोर म्हणाले, "ताई, जरा गप्प बस ना." तू म्हणालीस, "बरं, बसते." आणि बसलीस. परतीच्या गाडीत बसलीस, सामान बांधताना बसलीस, आपली भाड्याची जागा सोडून भाऊकडे राहायला गेलीस तेव्हाही. बाकी जगाशी तू बोलतेस असं वहिनी सांगते. म्हणजे घशाला काही झालेलं नाही. तू शब्दाची पक्की आहेस हे मला ठाऊक होतं, पण माझ्याच शब्दाची इतकी पक्की राहशील असं वाटलं नव्हतं.

असो. मी नव्या घरात राहायला आले. नवं म्हणजे मला नवं, घर चांगलं जुनं आहे. खाली दोन खोल्या, वर दोन. मागचं दार उघडलं की दगडी पायऱ्या थेट नदीत उतरतात. नदी शांत आहे, हिरवट आहे आणि तिला कसली घाई नाही. सकाळी चहाचा कप घेऊन मी पायरीवर बसते. ताई, मला फार बरं वाटतं इथं. उगाच आडून आडून कशाला सांगू.

दोष आहेत. तू गिरणीत कापड तपासायचीस आणि दोष दिसला की काठाला लाल दोरा बांधायचीस, तशी इथं फिरलीस तर तुझं रीळ संपेल. खिडकीची कडी लागत नाही. नळ बंद केला तरी आपलं मत मांडत राहतो. दमट वास अजिबात येत नाही. जवळजवळ नाही.

जिना मात्र नावाचा जिना, खरी ती शिडीच. तुझ्या गुडघ्यांना तो झेपणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून खालची पुढची खोली तुझी. खिडकीतून गल्ली दिसते, येणारी-जाणारी माणसं दिसतात, त्यांच्या कपड्यांतले दोष काढत बसायला सोय आहे.

तुझीच,
भोंगा

(हे नाव तूच ठेवलंस. आता तूच हाक मारत नाहीस, तर मी निदान सही करते.)


१९ एप्रिल

ताई,

तुझ्या खोलीला रंग दिला. फिकट पिवळा. तुला पांढरा आवडतो, पण पांढऱ्यावर तुला फारच दोष दिसतात.

पलंग आला, कपाट आलं, आणि स्वयंपाकघरही मी खालीच मांडलं, मागच्या खोलीत. आधीच्या मालकीणबाई वर स्वयंपाक करायच्या, वर चांगला ओटा आहे. कुणी सांगितलंय रोज भांडी घेऊन शिडी चढायला? हौस असते एकेकाला.

गल्ली बोलघेवडी आहे, पण जरा आगाऊ. समोर न्हावी राहतो, दुकान खाली आणि संसार वर. त्याची बायको दारातून डोकावली, पलंगाकडे बघून म्हणाली, "खाली?" मी म्हटलं, "हो, खाली. माझी ताई येणार आहे, तिचे गुडघे दुखतात." ती म्हणाली, "अच्छा." आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ येऊन बघून गेली. तिनंही तेच विचारलं. शेजारी होडीवाला आहे, होड्या दुरुस्त करतो, दिवसाकाठी मोजून चार शब्द बोलतो. त्यातला एक त्यानं माझ्या पलंगासाठी खर्च केला. "खाली?"

आता दुसऱ्याच्या पलंगात इतकं काय बघायचं, सांग.

इथल्या लोकांना फरशीचीही भारी हौस. खालच्या भिंतींनासुद्धा कंबरेपर्यंत फरशी लावतात, सगळ्यांकडे आहे, आपल्याकडेही आहे. पुसायला सोपी पडते. छताला मोठमोठाले लोखंडी आकडे आहेत आणि मधोमध लाकडी झडप आहे, वरच्या खोलीत उघडते. आकड्यांना मी कुंड्या टांगल्या. न्हावी वस्तरा हातात धरून त्या बघायला आला आणि हसत परत गेला. गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलं होतं बिचारं.

तू कधी येतेस ते कळव. बोलायचं नसेल तर भाऊच्या हाती चिठ्ठी दे.

भोंगा


११ जुलै

ताई,

तू बरोबर होतीस. हे वाक्य तुला मोठ्यानं वाचून दाखवायला मी भाऊला सांगितलं आहे. त्यानं वाचलं नसेल तर त्याच्याकडून वाचून घे.

झालं असं. होडीवाला हातात तेलाचा डबा घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "कप्पीला तेल घालायला आलोय." मी म्हटलं, "कुठली कप्पी?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कुंड्यांकडे बघितलं. मग वर गेला, झडप उघडली आणि वरच्या आढ्याची भलीमोठी कप्पी मला दाखवली. मी इतके महिने तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालत होते.

मग मात्र त्यानं आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च केले. या गल्लीत दरवर्षी नदी आत येते. मोठी नाही, गुडघाभर, कधी कंबरेएवढी. चार दिवस राहते, चिखल ठेवते आणि जाते. म्हणून भिंतींना फरशी. म्हणून ओटा वर. खालचं सामान झडपेतून दोरानं वर ओढून घ्यायचं, काही आकड्यांना टांगायचं, आणि नदी जाईपर्यंत वर राहायचं. खाली कुणी झोपत नाही. खालची खोली नदीची, असं इथली पोरंसुद्धा सांगतात. हे इतकं सगळ्यांना माहीत असतं की कुणाला सांगावं असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी तणतणत मालकीणबाईंकडे गेले. त्या याच गल्लीच्या वरच्या टोकाला लेकीकडे राहतात. म्हटलं, एवढी गोष्ट सांगितली नाहीत? त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी विचारलं तेव्हा मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं मी. तुम्ही त्यांना गप्प केलंत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि ताईंना कळू द्यायचं नाहीये."

ताई, मला आठवतंय. त्यांनी तोंड उघडलं होतं. मी एका वाक्यात दोघींना गप्प केलं.

मला घराचं वाईट वाटत नाही. गल्लीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुखानं राहतात, मीही राहीन. मला वाईट वाटतंय ते वेगळ्याच गोष्टीचं. तुला इथं आणता यावं म्हणून मी घर घेतलं. माझ्या एकटीला एक खोली पुरली असती. आता खालची खोली नदीची आणि वरची शिडीपलीकडे. डॉक्टरांनी तुला जिना बंद केलाय, आणि हा तर जिनाही नाही. तुझ्यासाठी घेतलेल्या घरात तुलाच जागा नाही, आणि हे मला पिवळा रंग देऊन झाल्यावर कळलं.

आज काही विनोद सुचत नाही.

भोंगा


२६ ऑगस्ट

ताई,

नदी येऊन गेली. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. घरही आहे.

वरच्या भागात पाऊस झाला आणि पाणी सावकाश पायऱ्या चढायला लागलं. सगळ्यात खालच्या घरातून थाळी वाजली की समजायचं. मग अख्खी गल्ली बाहेर पडते आणि खालच्या घरापासून सुरुवात करून एकेका घराचं सामान वर चढवते. माझं घर आलं तेव्हा न्हावी, त्याची बायको, जाऊ, होडीवाला सगळे आत घुसले. कुणी एका शब्दानं टोमणा मारला नाही. फक्त कुंड्या उतरवताना न्हाव्याची बायको म्हणाली, "बाई, झाडं छान वाढवलीत हो." ती खरंच म्हणाली की चिडवत होती, अजून ठरत नाहीये.

या कामाचा एक नियम आहे. दोर ओढणारा वर असतो, सामान बांधणारा खाली. वरचा विचारतो, "घेऊ वर?" खालच्यानं "घे वर" म्हटल्याशिवाय वरच्यानं दोराला जोर लावायचा नाही. मान हलवलेली चालत नाही, वरून ती दिसत नाही. तिसऱ्यानंच सांगितलेलंही चालत नाही. ज्याचे हात गाठीपाशी आहेत त्याच्याच तोंडून यायला हवं. होडीवाल्याच्या बापाची बोटं एकदा अशीच सापडली होती, तेव्हापासून नियम कडक.

मला वर उभं केलं होतं. मी डेपोतल्या आवाजात "घेऊ वर?" विचारलं तर नदीपलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं, "घे वर!" सगळे इतके हसले की कपाट हवेतच राहिलं. त्यानंतर पुढच्या सगळ्या घरांच्या आरोळ्या मीच दिल्या. माझ्या आवाजाला या वयात पुन्हा नोकरी लागली.

नदी खालच्या खोलीत आली, पिवळ्या भिंतीला टेकून चार दिवस बसली आणि गेली. मी वरून झडपेतून बघायचे. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण पाणी अगदी पाहुण्यासारखं होतं, शांत, घरात काही न मागणारं. मग सगळ्यांनी मिळून चिखल काढला. फरशी खरंच पुसायला सोपी पडते, एवढं माझं बरोबर निघालं.

तुझा पलंग वर मागच्या खोलीत आहे. पलंग वर आला, ताई. एवढा जड सागवानी पलंग. चढवताना मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात काहीतरी आलंय. होडीवाल्याशी बोलून लिहिते.

भोंगा


२० सप्टेंबर

ताई,

नीट बसून वाच. हसायचं असेल तर हस, पण पत्र फाडू नकोस.

पलंग वर जातो, कपाट वर जातं, न्हाव्याच्या दुकानातला आरसा वर जातो आणि त्याला तडा जात नाही. मग माणूस का जाऊ नये? मी होडीवाल्याला विचारलं. त्यानं दाढी खाजवली, म्हणाला, "वजन किती?" मी म्हटलं, ते मी सांगितलं तर ती मरेपर्यंत बोलणार नाही. तो म्हणाला, "पलंगापेक्षा कमी ना?" मी म्हटलं, हो. (हो ना?)

त्यानं आणखी दोन कप्प्या बसवल्या. त्यांतून दोर असा फिरवलाय की मी एकटी, या वयात, एका हातानं ओढू शकते, फक्त सावकाश. मध्येच दमले तर दोर खुंटीला अडकतो, मागे सरकत नाही. न्हाव्यानं दुकानातली जुनी खुर्ची दिली, हात आहेत, पाठ आहे, डोकं टेकायला गादीसुद्धा आहे. झडप मोठी केली. बाजूंना कठडा केला. आधी तांदळाची पोती वर नेली. मग न्हाव्याची बायको गेली, वर जाऊन म्हणाली, पुन्हा एकदा. मग मी. ताई, जमीन पायाखालून हळूच सुटते आणि खिडकीतून आधी गल्ली दिसते, मग समोरच्याचं छप्पर, मग तू वरच्या खोलीत निघतेस आणि मागच्या खोलीच्या दारातून सगळी नदी. जिन्यानं असं काही दिसत नाही.

वर दोन्ही खोल्या आहेत, ओटा आहे, न्हाणीघर आहे. रोज खाली उतरायची गरजच नाही, मनात आलं की उतरायचं. गल्ली वरच्या खिडकीतून जास्त दिसते.

आता अडचण सांगते. होडीवाला नियमाचा पक्का आहे, तुझ्यापेक्षाही. खुर्चीत बसलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं "घे वर" म्हटल्याशिवाय दोर हलणार नाही. मी त्याला म्हटलं, माझी ताई माझ्याशी बोलत नाही, घंटी चालेल का? तो म्हणाला, "नाही." म्हटलं, टाळी? म्हणाला, "नाही." त्याचे त्या दिवशीचे शब्द तिथंच संपले.

तेव्हा बघ बाई. मला तू इथं हवी आहेस. भाऊकडे तुझी काही आबाळ होत नाही, मला माहीत आहे, आणि तू तिथं सुखात असशील तर तसं कळव, मी हट्ट करणार नाही. पण सकाळी मी पायरीवर दोन कप घेऊन जाते, सवयीनं, आणि दुसरा मलाच प्यावा लागतो, गार झालेला.

भोंगा


१ ऑक्टोबर

ताई,

भाऊचा फोन आला. "ताई विचारतेय, खुर्चीला पुढून पट्टा आहे का?"

आहे. चामड्याचा. दोन बकलं आहेत. एक मी आज बदलून घेतलं, ते तुला पटलं नसतं.

भोंगा


१५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुला सुट्टी मिळाली नाही आणि तुझी सगळी मजा हुकली. भाऊला विचारशील तर तो म्हणेल, "झालं सगळं नीट." म्हणून मीच लिहिते.

ताई गाडीतून उतरली ती तोंड मिटूनच. काठी टेकत खालच्या खोलीत आली. पिवळ्या भिंतीवर नदीनं आपली रेघ मागे ठेवली आहे, तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग खुर्ची तपासली. कापड तपासायची तशीच, आधी डोळ्यांनी, मग तळहातानं. बकलं ओढून बघितली. दाराशी अर्धी गल्ली जमली होती, मालकीणबाईसुद्धा लेकीचा हात धरून आल्या होत्या. ताई खुर्चीत बसली, पट्टा लावला, काठी आडवी मांडीवर घेतली.

मी वर झडपेपाशी, दोर हातात. होडीवाला माझ्या शेजारी खुंटीवर हात ठेवून. मी विचारलं, "घेऊ वर?"

काही नाही. वरून मला फक्त तिचा भांग दिसत होता.

पुन्हा विचारलं, "ताई, घेऊ वर?"

वहिनी, मला वाटलं, ही उठणार, पट्टा सोडणार आणि गाडीत जाऊन बसणार. भाऊ खालून म्हणाला, "ती तयार आहे गं, घे." होडीवाल्यानं मान हलवली, नाही. तिच्याच तोंडून. जन्मात पहिल्यांदाच मी गप्प बसले असेन.

आणि मग ताईचा आवाज आला. जरा खरखरीत, पण तोच. माझ्याशी नाही बोलली ती. मालकीणबाईंकडे वळून म्हणाली, "मी तुम्हाला काही विचारलं होतं. घर इतकं स्वस्त का?"

मालकीणबाई एक पाऊल पुढे आल्या. "दरवर्षी नदी आत येते हो," त्या म्हणाल्या. "गुडघाभर."

"आणि जाते?"

"जाते ना. चार दिवसांत."

ताईनं भिंतीवरच्या रेघेकडे बघितलं. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. "एवढंच होतं तर तेव्हाच सांगू द्यायचं होतंस की, भोंगे. मी काय नाही म्हणणार होते?" आणि मग, "घे वर. सावकाश."

मी रडत रडत दोर ओढला, त्यामुळे सावकाशच झालं. ती वर निघाली तेव्हा नदीकडे बघत होती, आणि कितीतरी वेळ तिनं पट्टा सोडलाच नाही.

आता ती वर आहे आणि तिचं तोंड बंद नाही. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं काढतेय. मी पत्रात केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा तिनं मनात धरून ठेवल्या होत्या. सकाळी मी बाजारातून आले तर घरभर लाल दोरे, खालचे तिनं न्हाव्याच्या बायकोकडून बांधून घेतलेले. खिडकीच्या कडीला एक, नळाला एक, शिडीच्या प्रत्येक पायरीला एकेक, माझ्या कुंडीच्या कानालासुद्धा. पुढच्या पंधरवड्यात हे सगळं दुरुस्त व्हायला हवं असं तिनं वरून ओरडून सांगितलंय, न्हाव्याच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू गेलं. मला वाटायचं, घरात भोंगा मी एकटीच.

मग मी दोर बघितला. खुंटीपासून कप्पीपर्यंत आणि कप्पीपासून खुर्चीपर्यंत, हातानं चाचपत, दोनदा. दोराला तिनं एकही दोरा बांधलेला नाही.

तुझी,
धाकटी नणंद